पिठाच्या तोंडाशी

चंद्रभागा : दार उघडंच राहू द्या, निसारभाई. दार लावून या यंत्राजवळ मी आता उभी राहायची नाय. भर दुपारीसुद्धा नाय.

निसार : राहू दे उघडं. तुम्ही आधी त्या पोत्यावर बसा, भाभी. तुमचा निरोप मिळाला तसा भद्रकालीतून हातातलं मोटारदुरुस्तीचं काम टाकून आलो. गिरणी उलटी फिरते म्हणजे काय, ते मला पहिल्यापासून सांगा.

चंद्रभागा : काय सांगू? मालक गेले तवा सगळे म्हणाले, बाईमाणसाला गिरणी झेपायची नाय. मी म्हणलं, झेपंल. आख्ख्या पंचवटीच्या बाया माझ्याकडं दळण घेऊन येतात, खटका वर केला की झालं, त्यात काय झेपायचंय? दसऱ्याला आमच्याच घरात राहणाऱ्या माझ्या जावेनं, भागीनं, त्या पट्ट्याच्या चाकावर कुंकवाचं बोट ओढलं. खटका वर केला की पहिल्या दोन-चार फेऱ्यांत ते बोट दिसतं, दाराकडनं खाली येतं, भिंतीकडनं वर जातं. मग वेग धरला की दिसत नाय. रोज बघून माझ्या डोळ्यांना त्याची सवय झालीय. आन त्या दिवशी झुंबरबाईचं दळण घातलं, खटका वर केला, तर बोट भिंतीकडनं खाली आलं. मी म्हणलं, डोळे फिरले माझे. पण पीठ बघते तर नुसती भरड. झुंबरबाईनं चिमटीत धरून बघितलं, माझ्याकडं बघितलं. डबा उचलून गेली.

निसार : मग त्याच दिवशी मला का नाही बोलावलं?

चंद्रभागा : दुसऱ्या दिवशी सरळ फिरली ना. बोट दाराकडनंच खाली. मी नारळ फोडला, म्हणलं काय असंल ते सरलं. तर अमावास्येला परत उलटी. कुसाबाई लेकीच्या लग्नाचे गहू घेऊन आलेली, मखमलाबादेहून बैलगाडीनं. तिनं चाक बघितलं आन गहू तसेच परत गाडीत टाकले. म्हणाली, चंद्रे, उलटं काय फिरवतात ते तुला ठाऊक हाय ना? मेलेल्याचं उलटं असतं. लग्नाचं उलटं नसतं.

निसार : बायकांचं काय ऐकता तुम्ही.

चंद्रभागा : बायकांचं नाय, निसारभाई. मला आठवलं ना. मालकांना पोचवून आले तवा वाल्मीकभावजींनीच रडत सांगितलं होतं, वहिनी, खांद्यावर मडकं घेऊन दादाभोवती उलट्या फेऱ्या मारल्या मी. तेच डोळ्यांसमोर आलं. कोणी हात लावत नाय, कुलूप माझं, किल्ली घरात खुंटीला. तरी गिरणी कधी सरळ, कधी उलटी. काल परत उलटी. मग कोण फिरवतंय सांगा. मी तर या मोटारीला हात जोडून म्हणलं, मालक, काय चुकलं माझं ते तरी सांगा. या गिरणीवर माझं पोट हाय. ही बंद पडली तर मला भावाच्या दारात जाऊन भाकर मागावी लागंल. तुमाला हसू आलं तर हसा.

निसार : हसत नाही मी. धोंडीराम माझा दोस्त होता. हे बघा, मी बाहेरच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात ठेवलेत. आता या यंत्रात वीज नाही. भीती सोडून मला एक सांगा. समोरची लहानूची तेलघाणी, तिचीही मोटार आपल्याच खांबावर आहे. ती कधी उलटी फिरली?

चंद्रभागा : नाय. तो सकाळपासून रात्रीपर्यंत तेल काढतो. काय झालं असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती त्यानं.

निसार : मग वीज कंपनीच्या माणसांनी खांबावर काही उलटसुलट जोडलं असं नाही. तिथं गडबड असती तर दोन्ही यंत्रं उलटी झाली असती. जे झालं ते या चार भिंतींच्या आत झालंय.

चंद्रभागा : म्हंजे मी म्हणते तेच.

निसार : थांबा हो. लग्नाघरी तिघी बाया एका उखळात कांडतात, बघितलंय ना?

चंद्रभागा : बघितलंय काय, कांडलंय. हळद, तांदूळ, सगळं.

निसार : एकीचं मुसळ पडतं, ते उठेपर्यंत दुसरीचं, मग तिसरीचं. तिघी एकदम मारत नाहीत. खांबावरून आपल्या मोटारीत तीन तारा येतात, त्या तशाच आहेत. एकीमागून एक जोर लावतात. तिन्ही तारांचा जोर ज्या बाजूनं गोल फिरत जातो, त्या बाजूला मोटारीचा आतला गाभा ओढला जातो. बाकी काही जादू नाही त्यात. आता तिघींतल्या दोघी बायांनी उठून जागा बदलल्या, पण मारायची पाळी आपली आपली तीच ठेवली, तर काय होईल?

चंद्रभागा : मुसळांचा फेरा दुसऱ्या अंगानं जाईल.

निसार : बस. मोटार उलटी. कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की पुरे. परत त्याच दोन बदलल्या की सरळ.

चंद्रभागा : आन तिघीही एकेक जागा पुढं सरकल्या तर?

निसार : तर फेरा तोच राहतो, काही फरक पडत नाही. धोंडीरामनं शिकवलं वाटतं तुम्हाला?

चंद्रभागा : दळण चालू असताना बडबडायचे. मी हं हं करायचे. पुढं बोला.

निसार : पुढं हेच बघा. मोटारीवरची ही पेटी. आत तीन खुंट्या, तीन तारा, प्रत्येकीवर नट. तुमच्या मालकानं तारांना सूत बांधून ठेवलंय. पहिली लाल, मधली पांढरी, शेवटची काळी. मी तेव्हा चेष्टा केली होती त्याची, तारांना कसले रे करगोटे बांधतोस म्हणून. आता वाचा.

चंद्रभागा : पांढरी. लाल. काळी.

निसार : आणि हे नट बघा, पान्याचे ओरखडे ताजे आहेत. पितळ चमकतंय. भाभी, मेलेला माणूस पाना घेऊन येत नाही.

चंद्रभागा : (परत पोत्यावर बसते.)

निसार : काय झालं? उलट तुमचा जीव भांड्यात पडायला हवा.

चंद्रभागा : कसा पडंल? खरं सांगू? भीती वाटायची, पण त्या भीतीत मला वाटायचं की मालक इथंच हायत. रागावले असतील, पण हायत. उलटं फिरवून का होईना, माझ्याशी बोलतायत. आता तुमी म्हणता ते नायतच. आन दुसरंच कोणीतरी माझ्या घरातली किल्ली घेऊन इथं येतंय, पेटी उघडतंय, मला भीती घालतंय, आन परत जाऊन किल्ली खुंटीला लावतंय. मेलेल्याला हात जोडता येतात, निसारभाई. याला काय जोडू?

निसार : आधी मला जात्याचं झाकण उघडू द्या. उलटं फिरलंय म्हणता, तर आत एक बघायला हवं.

चंद्रभागा : तिथं काय बिघडणार? भरड आली तेवढंच. दगडावरच्या टाक्या, त्या छिन्नीच्या खाचा, सरळ फिरण्यासाठी काढलेल्या असतात, म्हणून भरड आली असंल.

निसार : भरडीचं सोडा. तो फळीवरचा मोठा पाना द्या… या अल्ला.

चंद्रभागा : काय?

निसार : मागं व्हा. तिथून हला आधी, त्या पिठाच्या तोंडासमोरून. इकडं या, माझ्या बाजूला.

चंद्रभागा : अहो पण फ्यूज तुमच्या खिशात हायत ना?

निसार : आहेत. तरी हला. बघा इथं. हा फिरणारा दगड या दांड्यावर बसलाय आणि त्याला धरून ठेवलंय या एका नटानं. दगड सरळ फिरला की नट आपोआप घट्ट होतो, म्हणून त्याचे आटे त्या बाजूनं पाडलेले असतात. आणि उलटा फिरला की नट सुटत येतो. दर फेऱ्याला थोडा थोडा. हा बघा, पाना नकोच, बोटांनी फिरतोय. टोकाच्या आट्यांवर लटकलाय.

चंद्रभागा : आन सुटला असता तर?

निसार : अडीच मणाचा दगड असतो, भाभी, आणि असा वेगात. दांड्यावरून सुटला की फुटतो, आणि झाकण फोडून समोर येतो. निफाडाकडे एका गिरणीत झालं होतं असं. समोर उभा असलेला माणूस मी नंतर पाहिला. विचारू नका.

चंद्रभागा : समोर तर मीच असते. पिशवी धरून. हितंच.

निसार : म्हणूनच म्हणतो, खुदानं वाचवलं तुम्हाला. काल शेवटची उलटी चालली तेव्हा किती वेळ उभ्या होतात तुम्ही?

चंद्रभागा : काल मी… थांबा. भावजी आले वाटतं. त्यांच्या खडावा वाजतायत. निसारभाई, मी बोलंपर्यंत तुमी तारांचं काय बोलू नका.

वाल्मीक : वहिनी, अहो हे काय, यंत्र उघडून बसलात? आणि निसारभाईही आलेत. बरं झालं. मी रामकुंडावरून येतोय, तुमच्यासाठी तीर्थ आणलंय तांब्यात. गुरुजींशी सविस्तर बोलणं झालं माझं.

चंद्रभागा : काय म्हणाले गुरुजी?

वाल्मीक : काय म्हणणार? त्यांनी डोळेच मिटले. म्हणाले, वास्तूत जीव गुंतलाय. दादा तरुणपणी गेला, पोटी मूलबाळ नाही, इच्छा राहिली. त्र्यंबकला जाऊन नारायण नागबलीचा विधी करावा लागेल. आणि तोपर्यंत ही गिरणी बंद ठेवायची. तुम्ही काही दिवस माहेरी सिन्नरला जा. इथलं मी बघतो. एक शेठ आहेत रविवार कारंजावरचे, यंत्र चालवायला घेतो म्हणतात. परक्याला ते बाधणार नाही, असंही गुरुजी म्हणाले.

चंद्रभागा : परक्याला बाधत नाय. फक्त मला बाधतं.

वाल्मीक : तुमच्यावर जीव होता ना त्याचा. म्हणून सांगतो, हट्ट सोडा. मला झोप लागत नाही तुमच्या काळजीनं.

निसार : वाल्मीक, इकडं ये. हा नट बघ.

वाल्मीक : मला यंत्रातलं काय कळतंय, निसारभाई.

निसार : कळायला काही नाही. बोटानं फिरव. फिरतोय ना? यंत्र उलटं फिरल्यानं सुटलाय. अजून थोडं चाललं असतं तर हा दगड सुटून त्या तोंडातून बाहेर आला असता, आणि पिशवी धरून उभ्या बाईच्या छातीत शिरला असता.

वाल्मीक : असं होतं?

निसार : असंच होतं.

वाल्मीक : पण… उलटं फिरलं तर नुसतं पीठ जाड येतं ना? भरड येते. तेवढंच ना?

चंद्रभागा : तुमाला कोणी सांगितलं भावजी, भरड येते म्हून?

वाल्मीक : आं? झुंबरबाई बोलली असेल. गल्लीत सगळे बोलतायत.

चंद्रभागा : ही मोटार बसवली तो दिवस आठवतो तुमाला? मालकांनी तुमच्या हातात कंदील दिला होता, पेटीत उजेड पाडायला. पहिल्यांदा खटका वर केला तर मोटार उलटीच फिरली. मी घाबरले. आन हे निसारभाई हसले, म्हणाले, दोन तारा बदलायच्या की झालं. तुमच्यासमोर बदलल्या. तुमी किती हसलात तवा. म्हणालात, दादा, एवढी मोठी मोटार आन दोन तारांत फसते.

निसार : हो, खरं आहे ते. नव्या मोटारीला पहिल्यांदा चालवून बघावंच लागतं, कुठं जाईल ते. कंदील वाल्मीकच्याच हातात होता.

वाल्मीक : म्हणजे तुम्ही माझ्यावर… वहिनी, दादाच्या चितेला अग्नी मी दिलाय. मी असं करीन?

चंद्रभागा : मी काय म्हणलं का? मी फक्त आठवण काढली.

वाल्मीक : मी तुम्हाला आईच्या जागी मानतो. तुमच्या केसाला धक्का लागावा असं माझ्या मनात कधी… हा नट सुटलेला आहे हे मला आत्ता कळतंय. देवाशपथ. आणि तुम्ही उभ्या आहात, चांगल्या आहात, काही झालेलं नाही. मग कशाला उगाच त्याचा विचार? गिरणी बंद करू आणि सोडून देऊ.

चंद्रभागा : काल दुपारी गिरणी उलटी चालली, भावजी.

वाल्मीक : हो, कळलं मला. म्हणून तर गुरुजींकडे गेलो.

चंद्रभागा : काल पिठाच्या तोंडाशी मी नव्हते.

वाल्मीक : मग?

चंद्रभागा : माझ्या अंगात भीतीनं ताप भरलेला. उठवंना. आन सोनारआळीचं दळण सकाळपासून पडून. तुमी रामकुंडावर गेलात तशी भागी आली. म्हणाली, जाऊबाई, तुमी पडून राहा, मी काढते. तुमी तिला हल्ली गिरणीत पाऊल टाकायचं नाय म्हणून बजावलंय ना, म्हणून मला म्हणाली, ह्यांना सांगू नका. चांगलं दोन दळणं काढली तिनं. मग आत खडखड वाढली, तशी तिला भीती वाटली आन तिनं खटका पाडला. ती भ्याली नसती तर तिसरंही काढणार होती.

वाल्मीक : भागी?

चंद्रभागा : भागी. पिशवी धरून. हितं, जिथं मी रोज असते.

वाल्मीक : भागी पोटुशी आहे, वहिनी.

चंद्रभागा : मला ठाऊक हाय.

(वाल्मीक हातातला तांब्या खाली ठेवायला जातो. तांब्या कलंडतो आणि तीर्थ पिठात सांडतं.)

वाल्मीक : मला नटाचं ठाऊक नव्हतं. वहिनी, मला फक्त तारांचं ठाऊक होतं. मला वाटलं, तुम्ही घाबराल, बायका यायच्या बंद होतील, आणि मग तुम्ही आपणच म्हणाल, भावजी, नको हे, आणि गिरणी मला त्या शेठला देता येईल. दादाच्या अंत्यविधीला ते उलट्या फेऱ्यांचं डोक्यात बसलं माझ्या. त्यावरून सुचलं. जिवावर बेतेल असं स्वप्नातही… तुमच्याही नाही. भागीच्या तर… मला बसू द्या जरा.

निसार : बस. पाणी देऊ?

वाल्मीक : नको. काल संध्याकाळी तिनं मला जेवायला वाढलं. माझ्यासमोर बसून वाढलं तिनं.

निसार : भाभी, मी असं करतो. तारा सरळ करतो, नट आवळतो, आणि पेटीला वेगळं कुलूप घालून किल्ली तुमच्याकडे देतो. आणि याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. चौकीवर जायचं असेल तर मी साक्ष देईन. दोस्तीला जागून देईन.

चंद्रभागा : कुलूप घाला. चौकी नको. भागीनं काय केलंय? तिच्या पोरानं काय केलंय? पण तारा तुमी नका बांधू, निसारभाई. पाना भावजींना द्या.

निसार : भाभी, याच्या हाताला कंप सुटलाय.

चंद्रभागा : माझ्या हाताला पंधरवडा झाला कंप हाय. द्या त्यांना. लाल पहिली, पांढरी मधी, काळी शेवटी. मालकांनी सुतं बांधलीयत, बघून करा. नट पण तुमीच आवळा, निसारभाई बघतील.

वाल्मीक : माझ्याकडून आवळला जाईल ना नीट? निसारभाई, तुम्ही शेवटी एकदा ओढा. कृपा करा.

निसार : ओढतो. तू आधी ओढ… अजून. अजून थोडा. हां. आता मी बघतो. ठीक आहे. झाकण लाव. तारा दाखव. लाल, पांढरी, काळी. बरोबर.

वाल्मीक : झालं, वहिनी. मी जातो आता. भागीला मी सांगतो सगळं, आजच सांगतो. तुम्ही म्हणाल तर आम्ही खोलीसुद्धा सोडतो.

चंद्रभागा : खोली कशाला सोडता? बाळंतपण मीच करणार हाय तिचं. पण आत्ता जाऊ नका. निसारभाई, फ्यूज लावून या. सोनारआळीचं दळण उरलंय. मी ओतते. भावजी, खटका तुमी वर करा.

वाल्मीक : मी?

चंद्रभागा : हां. दोन तारांत फसणारी मोटार हाय ना.

निसार : फ्यूज लावले, भाभी. वीज आली आत.

चंद्रभागा : करा वर.

वाल्मीक : वहिनी, पहिल्यांदा मोकळी चालवून बघू. आधी तुम्ही त्या तोंडासमोरून बाजूला व्हा ना. हात जोडतो. माझ्याच्यानं खटका वर होत नाही, तुम्ही तिथं उभ्या असताना.

चंद्रभागा : मी रोज हितंच उभी असते, भावजी.